छुप्या ब्रॅकेटवरची जड फळी पुन्हा पुन्हा पुढे झुकते: दोष शोधायचा क्रम

भिंतीतून नुसतीच बाहेर आल्यासारखी दिसणारी जाड लाकडी फळी, खाली ना टेकू ना त्रिकोणी ब्रॅकेट. ती छुप्या ब्रॅकेटवर उभी असते: भिंतीला स्क्रूने बसवलेली प्लेट आणि तिच्यातून फळीच्या भोकांत शिरणाऱ्या सळया. बसवली त्या दिवशी झकास दिसते. काही महिन्यांत पुढची कड खाली येते. सुतार येतो, स्क्रू आवळतो, फळी सरळ होते, पुस्तकं परत चढतात आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तीच तऱ्हा. आवळून हा दोष जात नाही, कारण बहुतेक वेळा तो स्क्रूमध्ये नसतोच. तो भिंतीच्या पृष्ठभागापासून आत दोन-अडीच सेंटिमीटरच्या थरात, म्हणजे गिलाव्यात असतो. नाहीतर सळई आणि फळीतलं भोक यांच्यातल्या मोकळ्या जागेत. यातलं नेमकं काय, हे पुढची कड बघून कळत नाही. मागची फट बघावी लागते.

खालचे आकडे एका ठरावीक फळीचे आहेत: तीन फूट लांब, २५० मिमी खोल, ३८ मिमी जाड, सागवानी किंवा १९ मिमी प्लायचे दोन थर चिकटवलेली. अशी फळी रिकामी असतानाच साडेपाच-सहा किलो भरते. पुस्तकं धरली तर फुटाला आठ ते दहा किलो, म्हणजे पूर्ण भरल्यावर एकूण तीस किलोच्या आसपास.

लक्षणं

मोबाइलचा टॉर्च लावून फळी आणि भिंत यांच्यातल्या फटीत वरून बघा. ब्रॅकेटची प्लेट फळीच्या मागच्या खाचेत लपलेली असते, पण फट पडली असेल तर तिची वरची कड दिसते.

- फट फक्त वरच्या बाजूला आहे आणि प्लेट भिंतीला घट्ट टेकलेली आहे: सळई भोकात सैल आहे किंवा वाकली आहे. भिंतीचा दोष नाही.
- फट वरच्या बाजूला आहे आणि प्लेटही वरून सुटली आहे: गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात ठोकलेली प्लास्टिकची नळी) बाहेर येते आहे, किंवा प्लेटची खालची कड गिलाव्यात रुतली आहे.
- फट वर-खाली सारखीच आहे: फळी सळयांवरून पुढे सरकली आहे.
- एकच टोक खाली आलं आहे: त्या टोकाची गिट्टी गेली, किंवा तिथली भिंत वेगळी आहे (एक टोक कॉलमवर, दुसरं विटेवर असं सर्रास होतं).
- दोन्ही टोकं जागेवर, पण मधे फळीला पोट आलं आहे: ब्रॅकेट ठीक आहे, लाकूड वाकलं आहे.
- हात टेकला की किटकिट वाजतं: सळईला खेळ आहे.

आणखी एक खूण फळीवर नसते, फळीखालच्या टेबलावर किंवा फरशीवर असते. पुसल्यावर दोन दिवसांनी पुन्हा पांढरी पावडर पडत असेल तर पीओपी किंवा जिप्समचा थर चुरडतो आहे. राखाडी आणि कणीदार असेल तर सिमेंटचा गिलावा. लाल असेल तर गिट्टी विटेत हलते आहे, आणि तेव्हा फळी लगेच रिकामी करायची.

झुकण्यामागचा हिशेब

पुढच्या प्रत्येक तपासणीला हा हिशेब लागतो. फळी म्हणजे भिंतीत अडकवलेली पहार. वजन पुढे आहे, टेकण प्लेटच्या खालच्या कडेवर आहे आणि स्क्रू मधे उपटले जात आहेत. बाजारात मिळणाऱ्या पट्टीच्या ब्रॅकेटची प्लेट साधारण ४० मिमी उंच असते आणि स्क्रू तिच्या मध्यावर, म्हणजे खालच्या कडेपासून २० मिमीवर. भार ३० किलो आणि तो फळीच्या मध्यावर, भिंतीपासून १२५ मिमीवर धरला, तर स्क्रूंवरची ओढ ३० × १२५ ÷ २० म्हणजे १८७ किलो. चार स्क्रू असतील तर प्रत्येकी ४७. तेच स्क्रू खालच्या कडेपासून ५० मिमी वर असते तर एकूण ओढ ७५ किलोवर येते. फळी तीच, पुस्तकं तीच.

म्हणून ब्रॅकेट घेताना खोक्यावर छापलेल्या किलोपेक्षा प्लेटची उंची आणि स्क्रूची भोकं कुठे आहेत ते बघावं. छापलेला आकडा काँक्रीटच्या भिंतीसाठी आणि सारख्या पसरलेल्या भारासाठी असतो. आपल्या चार इंची भिंतीशी त्याचा संबंध नाही.

दुसरा आकडा: प्लेटची खालची कड गिलाव्यात फक्त १ मिमी रुतली तर ४० मिमी उंचीच्या प्लेटला २५० मिमीवर ६ मिमीचा उतार येतो. ६ मिमी म्हणजे डोळ्यांना खुपणारं झुकणं, आणि त्यासाठी एकही स्क्रू ढिला व्हावा लागत नाही.

१. सामान मागे ढकला

खर्च शून्य. कमी खोलीची पुस्तकं दिसायला बरी म्हणून पुढच्या कडेला लावून ठेवली जातात. पुस्तकं १४० मिमी खोल आणि २४ किलो धरली तर पुढच्या कडेशी लावल्यावर स्क्रूंवरची एकूण ओढ साधारण २५० किलो होते. तीच भिंतीला चिकटवली की १२०. निम्म्याहून कमी.

आधी मोजून घ्या. फळीच्या दोन्ही टोकांना पुढच्या कडेची फरशीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि फळीच्या खालच्या अंगाला मास्किंग टेप चिकटवून तारखेसह लिहा. मग फळी रिकामी करून पुन्हा मोजा. रिकामी केल्यावर कड पूर्ण वर आली तर काहीतरी लवचीकपणे वाकतंय: सळई किंवा फळी. वर आलीच नाही तर काहीतरी कायमचं सरकलं किंवा चुरडलं आहे. हा फरक कळल्याशिवाय पुढे स्क्रू ड्रायव्हर उचलू नका.

२. पहिल्यापासूनच वाकडी होती का?

लेव्हल (पाणसळ) फळीवर भिंतीकडून पुढे अशी आडवी ठेवा. मोबाइलचं ॲप वापरत असाल तर फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा चुकीचा कोन दाखवतो. फोन लांब कडेवर उभा धरा. १ अंशाचा फरक २५० मिमीवर साडेचार मिमीला थोडा कमी भरतो.

मग भिंतीला ओळंबा लावा. गवंड्याने गिलाव्यात पोट ठेवलं असेल तर प्लेट त्या पोटावर बसते आणि फळी जन्मापासून वाकडी असते. ओळखायची खूण अशी की ही वाकडी फळी वाकडीच राहते, वाढत नाही. टेपवरचा आकडा महिनाभर तोच असेल तर दोष गंभीर नाही. प्लेटच्या खालच्या कडेमागे पातळ ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची पट्टी घालून ती सरळ करता येते. पुठ्ठा, रबर, घडी केलेला कागद घालू नका. भाराखाली ते दबतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

३. खालचा लॉक स्क्रू

चांगल्या ब्रॅकेटमध्ये फळीच्या खालच्या अंगाला, भिंतीजवळ, एखादा छोटा ॲलन स्क्रू असतो. तो सळईवर आवळला जातो आणि फळीला पुढे सरकू देत नाही. स्वस्त संचात तो नसतोच, किंवा असूनही बसवणाऱ्याने लावलेला नसतो, कारण फळी त्याशिवायही जागेवर बसते. मग पुसताना, धूळ झटकताना फळी दर वेळी केसभर पुढे येते. पुढे आली की भार लांब जातो आणि सळईची फळीतली पकडही कमी होते.

फळी रिकामी करून दोन्ही हातांनी भिंतीकडे दाबा, टेकली की स्क्रू आवळा. स्क्रूच नसेल तर सळईच्या रेषेत खालून ३ मिमीचं भोक पाडून १६ मिमीचा लाकडाचा स्क्रू असा घालावा की त्याचं टोक सळईवर दाबलं जाईल. ३८ मिमी फळीत १२ मिमी सळई मध्यावर असेल तर खाली १३ मिमी लाकूड उरतं, म्हणजे जास्त लांब स्क्रू लावून उपयोग नाही. खरं तर ही फळी बसवायच्या आधी करायची गोष्ट.

४. सळईला खेळ आहे का?

फळी रिकामी करून पुढची कड हाताने उचला आणि सोडा. फळी हलली पण फटीतून दिसणारी प्लेट जागची हलली नाही, तर खेळ भोकात आहे. १२ मिमी सळईसाठी भोक १३ मिमीच्या बिटने पाडलं आणि सळई आत १५० मिमी गेली, तर पुढच्या कडेला दीड-पावणेदोन मिमी उतार नुसत्या त्या सैलपणाने येतो. बिट हाताने धरून पाडलेलं भोक तोंडाशी आणखी रुंद होतं.

उपाय स्वस्त आहे. फळी काढा, सळईवर ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा (एसी-डक्टला लावतात ती) एक वेढा द्या, फळी चढवून बघा, अजून हलली तर दुसरा वेढा. वायरिंगची काळी-पिवळी टेप नको. उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो आणि टेप गोळा होऊन बसते.

फळी प्लायची असेल तर दोन भागांचं इपॉक्सी भोकात भरून सळई कायमची बसवली तरी चालतं. सागवान, शिसव अशा सलग लाकडाच्या फळीला ते करू नका. लाकूड आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सगळ्या सळया पूर्ण लांबीभर चिकटवल्या तर लाकडाला सरकायला जागा उरत नाही आणि सळईच्या रेषेत फळी उलते. तिथे ॲल्युमिनियमची पट्टी किंवा फार तर सिलिकॉन.

सळई वाकली आहे का, हे तिच्या वर पट्टी ठेवून बघा. १२ मिमीच्या तीन सळयांना ३० किलोचा भार सहज पेलतो. ८ मिमीच्या दोनच असतील तर त्या वाकायच्या मर्यादेला पोचतात आणि वरून कोणी हात टेकला की वाकतात. वाकलेली सळई हातोडीने सरळ करायची नाही. प्लेटला जिथे ती वेल्ड केलेली आहे तिथे बारीक चीर किंवा गंजाची रेघ दिसली तर ब्रॅकेट भंगारात.

५. फळी उतरवून प्लेटखालचा ठसा बघा

इथून पुढे दोन माणसं लागतात. फळी आणि भिंत यांच्या सांध्यात रंग किंवा सिलिकॉन भरलेलं असेल तर आधी कटरने रेघ मारा. नाहीतर फळीबरोबर रंगाचा मोठा पापुद्रा निघतो.

प्लेट सोडवल्यावर तिच्या खालच्या कडेच्या जागी भिंतीवर काय दिसतं ते नीट बघा. सरळ, अर्धा-एक मिमी खोल खाच दिसली, तर दोष सापडला. अंगठ्याच्या नखाने तिथेच ओरखडा काढा. ओरखडा उमटला तर तो पीओपी, जिप्सम किंवा पुट्टीचा थर आहे. सिमेंटच्या गिलाव्यावर नख चालत नाही. नव्या इमारतींत आतल्या भिंतींना बरेचदा सिमेंटचा गिलावा नसतोच, ब्लॉकवर किंवा काँक्रीटवर थेट १०-१२ मिमी जिप्सम असतं. दिसायला आरशासारखं गुळगुळीत, आणि प्लेटची धारदार कड त्याला महिनोन्महिने दाबत राहते.

उपाय: प्लेटच्या मापाएवढ्या जागेतला मऊ थर पटाशीने खरवडून कठीण थरापर्यंत जा. तो खळगा इपॉक्सी पुट्टीने किंवा न आकसणाऱ्या दुरुस्ती-मॉर्टरने भरून सपाट करा, पूर्ण वाळू द्या आणि प्लेट त्यावर बसवा. पुन्हा पीओपी भरू नका. फळी बसल्यावर ही जागा झाकली जाते, त्यामुळे रंगकाम लागत नाही. सुतार आवळून जातो आणि फळी परत झुकते, अशा तक्रारींत बहुधा हेच केलेलं नसतं.

किचनमध्ये टाइलवर प्लेट असेल तर टाइल बोटाच्या पेराने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तिच्यामागे माल नाही. तिथे भार दिला की टाइल तडकणार.

६. स्क्रू आणि गिट्टी

स्क्रू हाताने फिरवा, मशीनने नको. नुसताच फिरत राहिला तर गिट्टी भोकात फिरते आहे. पक्कडीने ओढून गिट्टी बाहेर काढा आणि बघा की विटेत किती गेली होती. गिट्टी ५० मिमीची, गिलावा आणि पीओपी मिळून २५ मिमी, आणि भोक जेमतेम ५० मिमी, तर निम्मी गिट्टी गिलाव्यात होती. गिलाव्यात फुगलेली गिट्टी भार घेत नाही, उलट गिलाव्याचा खपला उचलते.

स्क्रूची लांबी अशी काढा: प्लेटची जाडी, अधिक गिलाव्याची पूर्ण जाडी, अधिक गिट्टीची लांबी, अधिक गिट्टीतून बाहेर डोकवायला ५-६ मिमी. ४ मिमी प्लेट, २० मिमी गिलावा आणि ६० मिमी गिट्टी म्हणजे ९० मिमीचा स्क्रू. ब्रॅकेटसोबत आलेल्या संचात ४०-५० मिमीचे असतात.

काढलेल्या भोकात आगपेटीच्या काड्या किंवा लाकडाची खुंटी सापडली तर नवल मानू नका. ते वाळलं की आकसतं. भोकात पांढरं सिमेंट भरून ओल्यातच गिट्टी ठोकणंही तसंच. ते ठिसूळ असतं, पहिल्याच धक्क्याला भुगा होतो.

आणि काळे स्क्रू. जिप्सम बोर्डासाठीचे हे काळे स्क्रू प्रत्येक सुताराच्या डब्यात असतात, झटकन चढतात म्हणून सगळीकडे वापरले जातात. ते कडक आणि ठिसूळ असतात. वाकण्याऐवजी मानेशी तुटतात, आणि तुटताना आधी सूचना देत नाहीत. जड फळीला एकही काळा स्क्रू राहू देऊ नका. १० मिमी गिट्टीला ६ ते ८ मिमी जाडीचा, गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचा स्क्रू. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ, किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर, स्टेनलेसच घ्या.

७. भिंत कशाची आहे?

आता ड्रिल लागतं. त्याआधी: स्विचबोर्डाच्या, एसीच्या किंवा दिव्याच्या पॉइंटच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. आतली वायर सहसा याच रेषांत जाते. त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि मशीन दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनवर चालवा. भिंतीपलीकडे बाथरूम किंवा मोरी असेल तर पाण्याचे पाइप कुठून गेले ते ठरवल्याशिवाय बिट लावू नका.

प्लेटखाली झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं एक भोक, हळूहळू, ड्रिलचा फटका (हॅमर मोड) बंद ठेवून सुरू करा. खाली कागद धरा आणि भुकटीचा रंग बघा. आधी पांढरी (पीओपी), मग राखाडी (गिलावा). रंग बदलला त्या खोलीवर बिटला टेपची खूण केली की गिलाव्याची जाडी मोजली गेली. पुढे लाल आली तर भाजलेली वीट. पिठासारखी फिकट राखाडी, आणि बिट लोण्यात शिरल्यासारखा गेला तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा). जोर लावूनही बिट पुढे सरकत नसेल तर काँक्रीट: कॉलम, बीम किंवा मिवान पद्धतीची पूर्ण काँक्रीटची भिंत. तांबूस-तपकिरी आणि ओलसर, मधेच बिट भसकन आत जातो, तो जांभा. थोडीशीच पांढरी भुकटी येते आणि लगेच पलीकडे पोकळी लागते, ते जिप्सम बोर्डाचं पार्टिशन.

८. नव्याने बसवणं, भिंतीप्रमाणे

काँक्रीट सगळ्यात सोपं. एम८ अँकर बोल्ट किंवा १० मिमी गिट्टी, भोक पूर्ण साफ. बिट सळईला लागला की थांबा आणि भोक ३०-४० मिमी सरकवा. काँक्रीटमधली सळई कापायची नाही.

भाजलेली वीट: १० मिमी गिट्टी पूर्णपणे विटेत. भोक विटेच्या मध्यावर यावं, सांध्यावर नको. सांध्यातला माल विटेपेक्षा कच्चा असतो, जुन्या चुन्यातल्या बांधकामात तर फारच. चार इंची भिंतीत फुगणारा लोखंडी अँकर बोल्ट ठोकू नका, तो वीट फोडतो.

जुनं भोक मोठं झालं असेल तर त्यात आणखी जाड गिट्टी कोंबण्यापेक्षा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून त्यात आट्याची सळई चिकटवणं) बरा. इथे घाई होते ती साफसफाईत. हवा मारा, तारेच्या ब्रशने घासा, परत हवा मारा, हे दोनदा. भुकटी राहिली तर रसायन विटेला न चिकटता भुकटीला चिकटतं आणि अख्खी कांडी हातात येते. मिश्रणाच्या नळीतून सुरुवातीला येणारा दोन रंगांचा माल फेकून द्या. एकजीव रंग आला की नळी भोकाच्या तळाशी नेऊन मागे येत दोन-तृतीयांश भरा, मग आट्याची सळई फिरवत आत घाला. पोकळ ब्लॉक किंवा जांभ्यात आधी जाळीची नळी घालावी लागते, नाहीतर सगळा माल पोकळीत वाहून जातो. किती वेळ थांबायचं ते कार्ट्रिजवरच्या तक्त्यात तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. घाई नसेल तर रात्रभर हात लावू नका.

एएसी ब्लॉकचा प्रश्न वेगळा. ब्लॉक हलका आणि सच्छिद्र, साधी गिट्टी त्यात फुगते पण धरत नाही. फटका बंद ठेवून भोक पाडायचं (फटक्याने भोक आतून विस्कटतं) आणि एएसीसाठीच बनवलेली, पिळाच्या पात्यांची गिट्टी वापरायची. तरीही तीस किलोची फळी ४० मिमी उंच प्लेटवर टांगणं जोखमीचं आहे. त्यापेक्षा १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा, फळीच्या लांबीएवढा आणि ३०० मिमी उंच पाठपट्टा आधी भिंतीवर बसवा. तळाशी चार, वर चार गिट्ट्या. ब्रॅकेट या पट्ट्याच्या तळाला, मागून आरपार बोल्टने. बोल्टची डोकी प्लायमध्ये बुडवून. आता टेकण पट्ट्याच्या खालच्या कडेवर आणि वरची गिट्टी तिच्यापासून २७० मिमीवर. पट्ट्याच्या जाडीने भार १८ मिमी पुढे गेला, तरी वरच्या गिट्ट्यांवरची ओढ १८७ किलोवरून सोळा किलोवर येते. पट्ट्याला भिंतीचा रंग किंवा लॅमिनेट लावलं की टीव्हीमागच्या पॅनेलसारखं दिसतं. ‘फ्लोटिंग’चं निम्मं सौंदर्य जातं, हे खरं. पण एएसीवर पुस्तकांची फळी हवी असेल तर हाच सौदा आहे.

जिप्सम बोर्डावर जड फळी बसवू नका. आत प्लायचा पाठिंबा आधीच घातलेला असेल तरच.

मधे पोट आलेल्या फळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पार्टिकल बोर्ड किंवा पातळ एमडीएफ भाराखाली कायमचं वाकतं. उलटी करून लावली तर काही महिने मिळतात, मग बदलावीच लागते. लाकडी फळी आडवी वळली असेल तर ती एकाच अंगाने पॉलिश केलेली आहे का बघा. सहाही बाजूंना, भिंतीकडच्या कडेलाही, पॉलिश हवं.

इथे हात थांबवा

- भोकातून ठिणगी, जळका वास किंवा एमसीबी ट्रिप: बिट बाहेर काढा, मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन. एमसीबी परत चढवून ‘चालतंय का’ बघायचं नाही.
- भोकातून पाणी: त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, प्लंबर.
- प्लेटपासून निघालेला तिरका तडा, किंवा तडा भिंतीच्या पलीकडच्या अंगालाही दिसतो: ही फळीची दुरुस्ती राहिली नाही. कॉलम-बीमजवळ असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, साध्या पार्टिशन भिंतीत असेल तर निदान अनुभवी गवंडी.
- हाताने ढकलल्यावर भिंतच हलते: चार इंची भिंत वर बीमला नीट पॅक केलेली नसते तेव्हा असं होतं. तिच्यावर काहीही टांगू नका.
- ठोकल्यावर वीतभर जागेत गिलावा पोकळ वाजतो: आधी गवंड्याकडून गिलावा काढून नवा, त्याला पाणी मारून वाळू द्यायचा, मग फळी.
- भिंत कायम ओली: गळती बंद झाल्याशिवाय कुठलाही अँकर टिकणार नाही.
- मातीच्या, भेंड्यांच्या किंवा लाकडी सांगाड्याच्या जुन्या भिंती, वाडे, चाळी: घरगुती ड्रिलचं काम नाही.
- फळी पलंगाच्या, पाळण्याच्या किंवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर येते: जागा बदला. जागा बदलणं शक्यच नसेल तर बसवायचं काम माहीतगाराला द्या आणि वर पुस्तकं ठेवू नका.

त्याच भोकांत दुसऱ्यांदा दुरुस्ती करूनही फळी झुकली, तर तिसऱ्यांदा तिथेच प्रयत्न करू नका. तोवर विटेचा तेवढा भाग पोकळ झालेला असतो. प्लेट निदान ५० मिमी वर-खाली सरकवा आणि जुनी भोकं भरून टाका.

भार देऊन चाचणी

दुरुस्तीनंतर थेट पुस्तकं लावू नका. एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या वापरा, एक बाटली म्हणजे एक किलो, हिशेब चोख राहतो आणि पडल्या तरी नुकसान कमी. आधी बारा बाटल्या, तासाभराने कड मोजा. मग चोवीस, आणि शेवटी नेहमीच्या सामानाच्या दीडपट, म्हणजे २४ किलो पुस्तकांसाठी ३६. बाटल्या मध्यावर ठेवा, पुढच्या कडेला नको. फळीखालून माणसं आणि सामान दूर. चोवीस तासांनी पुन्हा मोजा.

पहिल्या तासात एखादा मिलिमीटर खाली येणं चालतं, सगळं आपापल्या जागी टेकतं. पण पहिल्या तासाचा आकडा आणि चोवीस तासांनंतरचा आकडा यांत फरक पडला तर अजून काहीतरी सरकतंय. बाटल्या उतरवा आणि पाचव्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा. फरक नसेल तर नवा आकडा टेपवर लिहा, पुस्तकं भिंतीला चिकटवून लावा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा तेवढा आकडा ताडून बघा.